मराठी भाषांतरातला बग: दोष कुठे शोधायचा, दुरुस्ती कुठे करायची

हवामान दाखवणाऱ्या एखाद्या मुक्तस्रोत ॲपमध्ये 'सातारामध्ये पाऊस' अशी ओळ दिसते. साताऱ्यातल्या कोणालाही ती खटकणारच. सोर्स खुला, भाषांतराची फाइलही खुली. म्हणून नवखा स्वयंसेवक फाइल उघडतो, 'मध्ये' खोडून नुसता 'त' लिहितो आणि बदल पाठवून मोकळा होतो. पुढच्या आवृत्तीत पडद्यावर 'सातारात पाऊस' येते. मिरजेच्या माणसाला 'मिरजत' दिसते, विट्याच्या माणसाला 'विटात'. बरोबर दिसते ते फक्त सांगलीकरांना, कारण 'सांगली'ला 'त' लागताना मूळ शब्द बदलत नाही.

इथे शब्द चुकलेलाच नव्हता. गावाचे नाव प्रोग्राम आयत्या वेळी रिकाम्या जागेत भरतो, आणि मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते: साताऱ्यात, विट्यात, मिरजेत. ते रूप प्रोग्रामला करता येत नाही. म्हणून वाक्यच वेगळे बांधावे लागते: 'सातारा येथे पाऊस' किंवा सरळ 'सातारा: पाऊस'. 'येथे' सुटा शब्द असल्याने आधीचे नाव जसेच्या तसे राहते. भाषांतराच्या बगवर खर्च होणारा वेळ मुख्यतः दोष कुठे आहे हे ठरवण्यात जायला हवा. शब्द बदलणे त्यानंतर दोन मिनिटांचे काम असते.

पुढच्या पायऱ्यांमध्ये लिनक्स आणि गेटटेक्स्ट ही भाषांतराची सर्वात रुळलेली व्यवस्था गृहीत धरली आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि खुणांमधली इंग्रजी अक्षरे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच टाइप करा.

पायरी १: दोष स्वतः पाहा आणि त्याची जात ओळखा

कोणी बग नोंदवला म्हणून लगेच फाइल उघडू नका. आधी तो आपल्या पडद्यावर आणा. टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या नावाआधी लँग्वेज हा शब्द सगळ्या मोठ्या अक्षरांत, मग बरोबरचे चिन्ह आणि एमआर असे लिहिले की तेवढा एक प्रोग्राम मराठीत उघडतो. सगळा संगणक मराठीत करायची गरज पडत नाही. चालू लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) 'सी' असेल तर मात्र लँग्वेजकडे दुर्लक्ष होते. तारखा आणि आकडेही मराठी हवे असतील तर 'एमआर_आयएन' हा लोकेल संगणकावर तयार केलेला असावा लागतो. 'लोकेल -ए' ही आज्ञा दिल्यावर यादीत तो दिसतो का ते पाहा.

बग दिसला की तो पुढीलपैकी कशात बसतो ते ठरवा. भाषांतर चुकीचे किंवा विचित्र असेल, तर दुरुस्ती पीओ फाइलमध्ये, म्हणजे इंग्रजी ओळी आणि त्यांची भाषांतरे ठेवणाऱ्या फाइलमध्ये. ओळ इंग्रजीतच दिसत असेल, तर तीन शक्यता: भाषांतर झालेले नाही, झाले आहे पण 'फझी' (पुन्हा तपासायचे आहे अशा) खुणेने अडले आहे, किंवा प्रोग्रामरने ती ओळ भाषांतरासाठी खूणच केलेली नाही. या तिसऱ्या प्रकारात मराठी गटाला काहीच करता येत नाही. बग मूळ कोडवर नोंदवायचा.

महिन्याचे नाव, वारांचे संक्षेप किंवा लाख-कोटींचे स्वल्पविराम चुकले असतील तर ते बहुधा प्रोग्रामच्या फाइलीतले नसतात. ही माहिती जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या लोकेलमधून किंवा युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून येते, आणि दुरुस्तीही तिथेच करावी लागते. फाइल उघडण्याच्या खिडकीतले 'उघडा' आणि 'रद्द करा' ही बटणेही पुष्कळदा प्रोग्रामची नसून जीटीके किंवा क्यूटी या लायब्ररीची असतात. प्रोग्रामच्या पीओ फाइलीत ती ओळ तासभर शोधूनही सापडत नाही, ती यामुळेच.

आणखी एक प्रकार फाँटचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले. पडद्यावर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दिसत असतील तर भाषांतरात काहीही चुकलेले नाही. एकच देवनागरी फाँट दोन्ही वळणे देऊ शकतो, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कळावे लागते. वेबपानावर भाषेची खूण 'एमआर' आहे का ते पाहा. ती 'एचआय' (हिंदी) असेल किंवा मुळात नसेलच, तर बग तिथे आहे.

पायरी २: ओळ शोधा

पडद्यावरचा मजकूर कॉपी करून पीओ फाइलीत ग्रेप ही शोधाची आज्ञा चालवली आणि काहीच सापडले नाही, असे नवख्यांचे वारंवार होते. याला दोन कारणे असतात. लांब ओळी फाइलीत साधारण ऐंशी अक्षरांवर मोडून पुढच्या ओळीवर नेलेल्या असतात, त्यामुळे सलग शोध लागत नाही. 'एमएसजीकॅट' या आज्ञेला '--नो-रॅप' हा पर्याय देऊन तात्पुरती प्रत काढा आणि तिच्यात शोधा. दुसरे कारण शॉर्टकटची खूण, म्हणजे कीबोर्डवरून दाबायचे अक्षर दाखवणारे चिन्ह. जीटीकेमध्ये ती अधोरेषा असते, क्यूटीमध्ये & आणि लिबरऑफिसमध्ये ~; शब्दाच्या मध्येच ती आली की शोध हुकतो. पोएडिट किंवा केडीई या डेस्कटॉपचे लोकलाइझ हे पीओ संपादक वापरत असाल तर पूर्ण वाक्याऐवजी मधले दोन ठळक शब्द शोधा.

सापडलेल्या नोंदीत 'एमएसजीआयडी' म्हणजे मूळ इंग्रजी आणि 'एमएसजीएसटीआर' म्हणजे आपले मराठी. त्यांच्या वरच्या, # ने सुरू होणाऱ्या ओळी वाचल्याशिवाय एकही अक्षर बदलू नका. #: पुढे सोर्समधल्या फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. #. पुढे प्रोग्रामरने भाषांतरकारासाठी लिहिलेली सूचना असते. #, पुढे खुणा असतात, म्हणजे 'फझी' किंवा 'सी-फॉर्मॅट'. #| पुढे इंग्रजी ओळीचे जुने रूप असते, आणि #~ ने सुरू होणाऱ्या नोंदी कालबाह्य झालेल्या असतात. कालबाह्य नोंद दुरुस्त करून उपयोग नाही, ती पडद्यावर कधीच येत नाही.

एमएसजीआयडीला हात लावायचा नाही. इंग्रजीतली स्पेलिंगची चूक डोळ्यांना टोचली तरी नाही. ती ओळ म्हणजे किल्ली आहे. एक अक्षर बदलले की कोडमधल्या कुलपाशी ती जुळत नाही आणि भाषांतर गायब होते.

पायरी ३: दुरुस्ती, आणि मराठीचे नेहमीचे खड्डे

सर्वात आधी रिकाम्या जागा. %एस म्हणजे तिथे मजकूर येणार, %डी म्हणजे आकडा. इंग्रजीत 'राम कॉपीड फाइल टू फोल्डर' असा क्रम असतो, मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि जागांचा क्रम बदलतो. जागांना क्रमांक न देता क्रम बदलला तर आकड्याच्या जागी मजकूर जातो आणि सी भाषेतला प्रोग्राम कोसळूही शकतो. म्हणून %१$एस, %२$एस असे क्रमांक घाला. हे आकडेही रोमनच हवेत. पायथनच्या प्रोग्राममध्ये कंसात नाव असलेली जागा असते. ते नाव म्हणजे कोडमधले व्हेरिएबल. उत्साहाने तेही मराठीत आणले की प्रोग्राम थांबतो.

रिकाम्या जागेला प्रत्यय जोडणे हा मराठी भाषांतरात वारंवार आढळणारा दोष. '%एसला', '%एसने', '%एसमध्ये' असे दिसले की थांबा आणि तिथे सातारा, विटा, वडूज, कऱ्हाड ही चार नावे घालून मोठ्याने वाचा. एकही अडखळले तर आधाराला एक सामान्यनाम द्या: '%एस या फोल्डरमध्ये', '%एस ही फाइल', '%एस या वापरकर्त्याला'. प्रत्यय मग आपल्या हातातल्या शब्दाला लागतो आणि रिकामी जागा मोकळी राहते. लिंगाचाही प्रश्न यातच सुटतो. '%एस हटवले' हे फाइलला चालत नाही, पण '%एस ही फाइल हटवली' चालते.

अनेकवचनाच्या नोंदीत दोन ओळी भराव्या लागतात, शून्य आणि एक या क्रमांकांच्या. मराठीच्या पीओ फाइलींच्या शीर्षकात साधारणपणे दोन रूपांचा नियम असतो: संख्या १ असेल तर पहिले रूप, नाहीतर दुसरे. फरक कधी कधी एका अनुस्वाराचा असतो. '%डी दिवसापूर्वी' पहिल्या ओळीत, '%डी दिवसांपूर्वी' दुसऱ्या. दोन्हीकडे तेच चिकटवले तर कोणतेही साधन तक्रार करत नाही, आणि पडद्यावर '५ दिवसापूर्वी' वर्षानुवर्षे राहते. पहिल्या ओळीत %डी गाळून 'एका दिवसापूर्वी' लिहिले तरी गेटटेक्स्ट ते चालवून घेते, कारण ती ओळ फक्त १ साठीच वापरली जाते.

मग येतो संदर्भ. 'फ्री' हा इंग्रजी शब्द डिस्कच्या चित्राखाली असेल तर 'रिकामी', किमतीच्या रकान्यात 'मोफत', परवान्याच्या पानावर 'मुक्त'. 'ओपन' बटणावर 'उघडा', पण बगच्या स्थितीत 'खुला'. तुम्हाला कळवलेला बग 'डिस्कवर १२ जीबी मोफत' असा असेल, तर सोर्समधली जागा उघडून पाहा की तोच शब्द आणखी कुठे वापरला आहे. एकच नोंद दोन ठिकाणी वापरली जात असेल तर 'रिकामी' लिहून तुम्ही दुसरीकडे नवा बग घालाल. अशा वेळी खरी दुरुस्ती कोडमध्ये आहे: प्रोग्रामरला दोन्ही ठिकाणी वेगवेगळा 'एमएसजीसीटीएक्सटी' (संदर्भ सांगणारी ओळ) द्यायला सांगा. सी मध्ये त्यासाठी पीगेटटेक्स्ट आहे, केडीईमध्ये आय१८एनसी, वर्डप्रेसमध्ये अधोरेषा-एक्स नावाचे फंक्शन. मागणी रास्त असते आणि बहुतेक मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) ती मान्य करतात, कारण तीच अडचण दुसऱ्या भाषांनाही येत असते.

आता डोळ्यांना न दिसणारे दोष. 'कऱ्हाड' आणि 'साताऱ्यात' मधला रफार नसलेला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो. एक म्हणजे ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त. दुसरा जुना प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक (२००डी). दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि शोध लागत नाही. जुन्या प्रकारात आणखी एक धोका आहे. एखादे साधन किंवा स्क्रिप्ट अदृश्य अक्षरे कचरा समजून काढून टाकते, आणि 'कऱ्हाड'चे 'कर्हाड' होते. नवीन मजकुरात नेहमी ०९३१ वापरा. जुन्या फाइलीत असा बदल करायचा असेल तर तो वेगळ्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) करा.

'ॲ'चेही तसेच. युनिकोडमध्ये २००८ साली, आवृत्ती ५.१ मध्ये, ॲ (०९७२) हे स्वतंत्र अक्षर आले. त्याआधीच्या भाषांतरांत अ आणि वर चंद्र अशी जोडी वापरलेली असते. ही दोन रूपे युनिकोडच्या नियमाने समतुल्य मानली जात नाहीत, म्हणून नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपे एक करणे) करूनही ती एक होत नाहीत. हाताने किंवा शोधा-बदला आज्ञेनेच बदलावी लागतात. आणि 'फ'खाली नुक्ता दिसला की समजावे, ती ओळ हिंदी फाइलीतून उचललेली आहे. तिच्या आजूबाजूच्या दहा-वीस ओळीही तपासा.

शॉर्टकटसाठी मराठीत रूढ पद्धत अशी की शब्दानंतर कंसात खूण आणि रोमन अक्षर लिहायचे. खूण देवनागरी शब्दात घुसवली तर मराठी कीबोर्ड न लावणाऱ्याला तो शॉर्टकट वापरताच येत नाही. एकाच मेनूत दोन नोंदींना तेच अक्षर देऊ नका.

पायरी ४: तपासा

'एमएसजीएफएमटी' ही आज्ञा '-सी' आणि '-व्ही' या पर्यायांसह फाइलीवर चालवा. रिकाम्या जागा जुळत नसतील, ओळीच्या सुरुवातीचा किंवा शेवटचा नवओळीचा संकेत सुटला असेल, किंवा शीर्षकात खोट असेल तर ती सांगते. किती नोंदी भाषांतरित, किती फझी, किती रिकाम्या याचा हिशेबही शेवटी येतो.

फझीची संख्या मुद्दाम पाहा. 'मी तर दुरुस्त केले, पण पडद्यावर इंग्रजीच आहे' या तक्रारीमागे बहुधा न काढलेली फझी खूणच असते. इंग्रजी ओळ थोडी बदलली की 'एमएसजीमर्ज' जुने भाषांतर ठेवून त्यावर ही खूण लावते, आणि एमएसजीएफएमटी अशा नोंदी एमओ फाइलीत, म्हणजे पीओपासून बनलेल्या आणि प्रोग्राम वाचतो त्या फाइलीत, घेतच नाही. भाषांतर नव्या इंग्रजीशी जुळवले की खूण काढा. न वाचता सगळ्या फझी खुणा एकदम काढणे मात्र गंभीर चूक आहे. त्यात 'चालू करा'च्या जागी 'बंद करा' असे उलटे अर्थ शिरतात, आणि ते कोणत्याही आज्ञेला पकडता येत नाहीत.

मग पडद्यावर पाहा. पीओपासून एमओ फाइल बनवा. 'यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस' या फोल्डरमधल्या मूळ एमओची प्रत बाजूला ठेवून नवी तिथे टाका आणि प्रोग्राम पुन्हा उघडा. बटणात शब्द मावतो का, दोन बाजूंच्या शब्दांशी जुळतो का, हे इथेच कळते. शक्य असल्यास इंग्रजी न येणाऱ्या माणसाला दाखवा. सांगलीच्या गणपती पेठेत संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला 'निर्यात करा' म्हणजे माल परदेशी पाठवणे वाटले, तर तो आक्षेप नोंदवून घेण्यासारखा आहे.

पायरी ५: योग्य दारातून पाठवा

प्रत्येक प्रकल्पाचे दार वेगळे. लिबरऑफिस आणि फेडोरा वेबलेट वापरतात, मोझिला पाँटून, वर्डप्रेस ग्लॉटप्रेस; ही सगळी ब्राउझरमधून भाषांतर करायची साधने. ग्नोमची भाषांतरे 'डॅम्ड लाइज' या संकेतस्थळावरून जातात. केडीईची भाषांतरे सबव्हर्जन या (गिटसारख्याच, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या) व्यवस्थेच्या वेगळ्या भांडारात राहतात. गिटमध्ये दिसणाऱ्या पीओ फाइली तिथून आपोआप येतात, म्हणून गिटमध्ये केलेला बदल पुसला जातो.

नियम सोपा आहे. प्रकल्प वेबलेटवर असेल तर पीओ फाइलीवर मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवू नका. वेबलेटची स्वतःची प्रत असते, आणि त्याच ओळीवर दोन्हीकडून बदल झाले की संघर्ष होऊन सगळ्या भाषांचे काम अडकते. अधिकार नसतील तर 'सुचवा' हे बटण वापरा. अधिकार असले तरी बदल लगेच भांडारात दिसला नाही म्हणून घाबरू नका. वेबलेट बदल साठवून ठेवते आणि नेहमीच्या मांडणीत सुमारे २४ तासांनी कमिट करते.

थेट गिटमधून पाठवायचे असेल तर एका कमिटमध्ये एकाच प्रकारची दुरुस्ती ठेवा. पाठवण्याआधी डिफ (जुन्या-नव्या फाइलीतला फरक) वाचा. चार ओळी बदलून डिफमध्ये हजार ओळी दिसत असतील तर संपादकाने साऱ्या फाइलीच्या ओळी नव्याने मोडल्या आहेत. पोएडिटच्या प्राधान्यांमध्ये आधीच्या फाइलींची मांडणी जपण्याचा पर्याय आहे, तो चालू करून पुन्हा सुरुवात करा. समीक्षक हजार ओळींतून तुमच्या चार शोधणार नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही धरू नये.

बगच्या नोंदीत पाच गोष्टी हव्यात: आवृत्ती, पडद्यावरची जागा, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि कारण. मेंटेनरला मराठी येत नसते. त्याच्यासाठी दोन्ही ओळींचा शब्दशः इंग्रजी अर्थ द्या आणि स्क्रीनशॉटवर चुकीची जागा चौकटीत दाखवा. कोडमध्ये बदल हवा असेल तर वेळही पाहा. प्रकाशनाआधी अनेक प्रकल्पांत 'स्ट्रिंग फ्रीझ' असतो. त्या काळात भाषांतर सुधारता येते, इंग्रजी ओळ बदलता येत नाही.

शब्दावरून मतभेद झाला तर

'जतन करा' की 'साठवा', 'छापा' की 'मुद्रित करा' यावर नवख्याने पहिल्याच दिवशी मोहीम काढू नये. आधी त्या प्रकल्पाची शब्दसूची पाहा, मग फ्युएल या उपक्रमाची मराठी सूची, मग भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. विज्ञानातली संज्ञा असेल तर मराठी विश्वकोश उपयोगी पडतो. त्याचे संपादकीय काम वाईत, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातच, वाढले, आणि तो आता ऑनलाइन वाचता येतो. आमचे मत असे की फाइलीत तीनशे ठिकाणी 'जतन करा' असेल तर तीनशे एकावे ठिकाणही 'जतन करा'च असावे, तुम्हाला 'साठवा' कितीही आवडत असले तरी. वापरणारा माणूस शब्द शिकून घेतो, पण एकाच कामाला दोन शब्द दिसले की ती दोन कामे आहेत असे समजतो. शब्द सगळीकडे बदलायचा तर आधी गटात चर्चा, मग एकाच वेळी सगळीकडे बदल.

एकट्याने अडत असाल तर सोबत शोधा. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. मराठी चांगले असलेला एक आणि गिट येणारा एक, अशी जोडी या कामाला पुरते.

बग बंद करण्याआधी

भाषांतर मुख्य शाखेत गेले म्हणजे ते लोकांपर्यंत पोहोचले असे नाही. चालू स्थिर आवृत्तीची शाखा वेगळी असेल तर तिथेही तोच बदल करा, नाहीतर तो पुढच्या मोठ्या प्रकाशनापर्यंत थांबतो. उबुंटूमध्ये मुख्य पॅकेजांची भाषांतरे वेगळ्या भाषा-पॅकेजांतून आणि वेगळ्या फोल्डरमधून येतात, त्यामुळे प्रोग्राम नवा पण मराठी जुनी, असे चित्र काही काळ दिसू शकते. शंका आली तर संगणकावर बसवलेल्या एमओ फाइलीवर 'एमएसजीअनएफएमटी' चालवा. ती फाइल पुन्हा वाचता येईल अशा रूपात उलगडते. तिच्यात 'सातारा येथे पाऊस' दाखवणारी नवी ओळ दिसली, की आवृत्तीचा क्रमांक लिहून बग बंद करा.